प्रे. कृत्ये 6:1-7 : मदतनिधीबद्दलची तक्रार म्हणजे कुरकुर का?

वचनदीप

सर्वांना सलाम. प्रौढांच्या अभ्यासगटात पुढचे तीन आठवडे प्रेषितांची कृत्ये 6:1-7 घ्यायचं ठरलं आहे. त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहूदी (हेल्लेणी) शिष्यांच्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते, तक्रार होते आणि बारा प्रेषित या कामासाठी सात जण निवडायला सांगतात. निमित्त उघड आहे. आमच्या मंडळीचा (चर्चचा) गरजूंसाठी निधी आहे. त्यातून विधवा, आजारी, काम सुटलेले यांना दर महिन्याला काही दिलं जातं, आणि ते ठरावीक घरांपुरतंच फिरतं अशी चर्चा आहे. कोणी विचारलं की दोन वचनं लगेच पुढे येतात. एक फिलिप्पै 2:14, सर्व काही कुरकुर न करता करा. दुसरं मत्तय 6:3, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये.

या दोन वचनांचा निधीच्या प्रश्नाशी खरंच संबंध आहे का? सात जणांच्या निवडीतून आजच्या मंडळीनं नेमकं काय घ्यायचं? आणि 'साठ वर्षांची अट' असलेला तीमथ्याच्या पत्रातला भाग यात आणावा की बाजूला ठेवावा? शास्त्राच्या आधारानं आणि प्रत्यक्ष करता येईल असं काही सांगा. 'प्रेमानं घ्या' एवढंच उत्तर नको, ते सगळ्यांना माहीत आहे.

मूळभाषा

कुरकुरीपासून सुरुवात करतो, कारण इथे शब्दच साक्ष देतो. कृत्ये 6:1 मध्ये 'कुरकुर' यासाठी ग्रीकमध्ये गोंगुस्मोस आहे. फिलिप्पै 2:14 मध्ये हाच शब्द अनेकवचनात येतो. निर्गम 16 मध्ये रानात इस्राएल कुरकुरला, तिथेही जुन्या ग्रीक भाषांतरात हाच. म्हणजे कृत्यांचा लेखक लूक यानं सौम्य शब्द निवडलेला नाही, चांगलाच डाग लागलेला शब्द वापरला आहे. आणि तरीही पुढच्या ओळीत बारा जण काय करतात? रागावत नाहीत, 'आधी मन शुद्ध करा' म्हणत नाहीत, कोण बोललं याची चौकशीही करत नाहीत. सगळ्या शिष्यांना बोलावतात आणि व्यवस्था बदलतात. तक्रारीचा सूर कसा होता यावर लूक एक शब्द खर्च करत नाही. तक्रार खरी होती, एवढं त्याला पुरतं.

'उपेक्षा होत असे' हे क्रियापदही नीट पाहा. काळ अपूर्ण भूत आहे, म्हणजे हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडत होतं. प्रयोग कर्मणी आहे, म्हणजे कोणी उपेक्षा केली ते सांगितलेलं नाही. दुष्टपणाचा आरोप नाही. कारण म्हणून वाक्याच्या सुरुवातीला एकच गोष्ट दिली आहे, शिष्यांची संख्या वाढत होती. त्यातून मत्तय 18:15-17 ची पायरी इथे का लागू होत नाही तेही कळतं. तिथे एका भावानं दुसऱ्याचा अपराध केलेला आहे, म्हणून आधी एकांतात, मग एक-दोन जणांसह, मग मंडळीपुढे. इथे एकांतात गाठावं असा अपराधीच नाही, वाटपाची रीत तोकडी पडली आहे. निधीची तक्रार घेऊन येणाऱ्याला 'आधी त्या भावाला एकटं भेट' म्हणून परत पाठवणं हा शास्त्रभाग चुकीच्या कुलपाला लावण्याचा प्रकार.

फिलिप्पै 2:14 वाचायचंच असेल तर 2:4 पासून वाचा. प्रत्येकानं आपलंच नव्हे तर दुसऱ्यांचंही हित पाहावं, असं तिथे आहे. ज्याला मिळालं नाही त्याचं तोंड बंद करायला चौदावं वचन वापरलं की चौथं मोडतं. आणखी एक जागा टिपून ठेवा, 1 पेत्र 4:9, कुरकुर न करता पाहुणचार करा. तिथे ही ताकीद देणाऱ्याला आहे, घेणाऱ्याला नाही.

आता मत्तय 6:3. संदर्भ 6:2-4, म्हणजे कर्णा वाजवून दानधर्म करणारा माणूस. गुप्तता दात्यानं स्वतःच्या दानाबद्दल पाळायची आहे. दुसऱ्यांनी दिलेले पैसे सांभाळणाऱ्याला हे वचन लागू नाही. त्याच्यासाठी 2 करिंथ 8:20-21 आहे. एवढ्या मोठ्या देणगीच्या कामात आपल्याला कोणी दोष लावू नये म्हणून पौल जपतो, आणि केवळ प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं जे चांगलं ते करतो. 'प्रभूला माहीत आहे' एवढ्यावर त्याचं भागत नाही.

पंक्तिसेवक

वरच्या उत्तरात भर घालतो. कृत्ये 6 मधून 'सात' हा आकडा उचलू नका, क्रम उचला.

पहिलं म्हणजे प्रश्न सगळ्या शिष्यांपुढे मांडला गेला, बंद दाराआड नाही. मग माणसं निवडण्याआधी लायकी ठरली: ज्यांच्याबद्दल लोक साक्ष देतात असे, आत्म्यानं पूर्ण आणि ज्ञानानं पूर्ण. तिन्ही हवं. नुसता प्रार्थनाशील माणूस हिशेबाला बसवला की बेरीज चुकते. नुसता हिशेबी बसवला की विधवेला दारात तिष्ठावं लागतं. मग निवड लोकांनी केली आणि नेमणूक प्रेषितांनी, प्रार्थना करून व हात ठेवून. अनुवाद 1:13 मध्ये मोशेनंही हेच म्हटलं होतं, तुमच्यातली ज्ञानी आणि माहितीतली माणसं तुम्ही निवडा, मी नेमतो. पाळकानं एकट्यानं नावं वाचून दाखवायची आणि लोकांनी 'आमेन' म्हणायचं, हा क्रम दोन्हीकडे नाही.

निवडलेली सातही नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. शेवटचा तर अंत्युखियाचा, जन्मानं यहूदी नसून तो धर्म स्वीकारलेला. नुसत्या नावावरून माणूस हेल्लेणी होता असं ठामपणे म्हणता येत नाही, कारण बारा जणांतही फिलिप्प आणि अंद्रिया ही ग्रीक नावं आहेत. पण सातही तशीच असणं बोलकं आहे. ज्यांच्या विधवा सुटत होत्या त्यांच्याच हाती वाटप गेलं, असं बहुतेक अभ्यासक वाचतात. समितीत 'त्यांच्यातला एखादा' घेऊन बाकीचे आपलेच ठेवणं हे याच्या बरंच अलीकडचं आहे.

हे खाली उतरवताना मी असं सुचवीन.

आधी मोजणी, मग समिती. एका कागदावर तीन रकाने करा: गट (भाषा, वस्ती किंवा उपासनेची वेळ, जो फरक तुमच्याकडे खरा असेल तो), त्या गटातली एकूण घरं, गेल्या बारा महिन्यांत मदत मिळालेली घरं. चौथा रकाना 'गरज माहीत असूनही मदत न मिळालेली' असा ठेवा. तो भरताना जड जाईल, आणि उत्तर तिथेच असतं. बहुतेकदा कोणाला मुद्दाम वगळलेलं दिसत नाही. वाटप करणाऱ्याच्या ओळखीच्या घरांची गरज त्याच्या कानावर आधी येते, बाकीच्यांची येतच नाही. हा दोष उपदेशानं जात नाही, कान वाढवले तरच जातो.

समिती पाच जणांची ठेवा, म्हणजे मत सम-सम अडकत नाही. एका घरातले दोघे नकोत. निदान दोन स्त्रिया हव्यात, कारण पुष्कळ विधवा आपली अडचण पुरुषांपुढे सांगणारच नाहीत. मुदत दोन वर्षं, पण सगळे एकदम बदलू नका. एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी तीन बदलले की जुनी माहिती टिकते. पाळक बैठकीला असावा, पण पैसे काढायला त्याची एकट्याची सही चालू नये. हा त्याच्यावर अविश्वास नाही. ज्याला मदत नाकारली जाते त्याच्या घरी पुढच्या आठवड्यात पाळकाला प्रार्थनेला जायचं असतं, म्हणून नकार समितीच्या नावानं जाणं त्याच्याच भल्याचं.

अर्ज अर्ध्या पानाचा: घरात किती माणसं, अडचण काय, किती काळाची, नातेवाइकांकडून काय होतं. अर्जदार अर्पण किती देतो हा प्रश्न त्यात नको. उपस्थितीचाही नको, नाहीतर मदत हजेरीचं बक्षीस होते. सात दिवसांत उत्तर द्या आणि नकार असेल तर कारण सांगा. तातडीच्या वेळी दोन सदस्यांनी मिळून मंजुरी द्यावी. त्याची वरची मर्यादा शिलकीच्या दहाव्या भागासारखी आधीच ठरवून ठेवा आणि पुढच्या बैठकीत ती नोंद कायम करा.

साधाविश्वासी

मला हे सगळं जरा जास्तच वाटतं. मंडळी ही काही पतपेढी नाही. 2 राजे 12:15 मध्ये स्पष्ट आहे की मंदिराच्या दुरुस्तीसाठी ज्यांच्या हाती पैसा दिला त्यांच्याकडून हिशेब घेत नसत, कारण ती माणसं सचोटीनं वागत. जिथे आत्मा आहे तिथे सह्या आणि रकाने कशाला?

मूळभाषा

भाऊ, ते वचन आहे खरं, पण त्याच्या पाच ओळी वर जा. त्याआधी याजकांकडे पैसा जात होता आणि योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दुरुस्ती झालेलीच नव्हती (12:6). म्हणून याजक यहोयादानं पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटीत पुष्कळ पैसा झाला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येत, मोजत आणि थैल्यांत बांधत (12:10). दोन माणसं, दोन वेगळ्या अधिकारांची. हिशेब घेत नसत तो नंतरच्या टप्प्यावर, मजुरी वाटणाऱ्या मुकादमांकडून. पेटी उघडताना मोजणी होतच होती. पंधराव्या वचनासाठी दहावं झाकायचं नाही.

आणि विश्वास विरुद्ध मोजमाप असा सामना लावायचा असेल तर एज्रा 8 वाचा. बाबेलहून यरुशलेमेला मंदिरासाठीचं सोनंरुपं घेऊन निघताना राजाकडे शिपाई मागायची एज्राला लाज वाटली, कारण देवाचा हात आपल्यावर आहे असं तो राजाला सांगून बसला होता (8:22). विश्वासाचं याहून मोठं उदाहरण कुठे शोधणार? तोच एज्रा निघण्याआधी बारा प्रमुख याजक वेगळे करतो आणि त्यांना सोनंरुपं तोलून देतो: 650 किक्कार (वजनाचं जुनं माप) रुपं, 100 किक्कार रुप्याची पात्रं, 100 किक्कार सोनं, 20 सोन्याचे कटोरे. यरुशलेमेला पोचल्यावर चौथ्या दिवशी पुन्हा तोलतात. घेणारे वेगळे, दोन याजक आणि दोन लेवी (मंदिराचे सेवक). मग 8:34, सगळं मोजून-तोलून झालं आणि एकूण वजन लिहून ठेवलं. शिपाई नाकारणाऱ्यानं तराजू नाकारला नाही.

जाता जाता, योहान 12:6. बाराजणांची थैली यहूदाकडे होती आणि तो त्यातलं चोरून घेई. खुद्द प्रभूच्या सहवासातली ही थैली. 'आत्मा आहे तिथे' या मुद्द्याला एवढं उत्तर पुरावं.

खतावणी

एज्रा आणि योवाशाची पेटी यांतून तीन नियम निघतात: मोजणारे दोन, सोपवणारा आणि घेणारा वेगळे, आकडा लेखी. अर्पणाच्या बाबतीत ते असे बसतात. उपासना संपल्यावर इमारत सोडण्याआधी मोजणी. दोघे मोजणारे एकमेकांचे नातेवाईक नसावेत. दोघांची सही असलेला कागद, आणि तो कागद खजिनदाराकडे नव्हे, तिसऱ्याकडे. महिन्याच्या शेवटी तिसऱ्याचे कागद आणि खजिनदाराची वही जुळतात का ते पाहायचं. वहीची पानं क्रमांक घातलेली असावीत. खोडायचं नाही, चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी सही. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मोजण्याआधीच पाकिटातून 'तातडीचे' पैसे काढून दिल्यानं. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ती रक्कम ना जमेत दिसते ना खर्चात, आणि सहा महिन्यांनी आठवणीवर भांडण होतं. कितीही तातडी असो, आधी जमा, मग खर्च.

काय जाहीर करायचं आणि काय झाकायचं यातही गल्लत होते. आकडे उघडे, नावं झाकलेली. दर तीन महिन्यांनी सुरुवातीची शिल्लक, जमा, वाटप, किती घरांना, कोणत्या प्रकारच्या गरजेसाठी आणि अखेरची शिल्लक एवढं फलकावर लावा. मात्र एखाद्या प्रकारात एकदोनच घरं असतील तर तो प्रकार 'इतर'मध्ये मिसळा, नाहीतर 'शस्त्रक्रिया : 1 घर' वाचून कोण ते सगळ्यांना कळतं. समितीच्या वहीत घराला क्रमांक द्या, नाव-क्रमांकाची यादी वेगळी आणि कुलपात. आणि प्रार्थनेच्या विनंतीत 'अमुक ताईंची आर्थिक अडचण दूर व्हावी' असं मोठ्यानं म्हणू नका. हिशेब कसोशीनं झाकायचा आणि प्रार्थनेत सगळं सांगून टाकायचं, असं बरेचदा होतं.

निधी गोळा करताना 1 करिंथ 16:2 कामाला येतं. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्या मिळकतीच्या मानानं बाजूला ठेवावं, म्हणजे पौल आल्यावर धावपळीनं वर्गणी काढावी लागू नये. थोडं आणि नेमानं. संकट आल्यावर खास अर्पण काढलं की ज्याची कहाणी करुण त्याला जास्त मिळतं आणि जो गप्प बसतो तो उपाशी राहतो. पुढच्या दोन वचनांत रक्कम पोचवणारी माणसं करिंथकरांनीच पसंत करायची आहेत. पौल पैसे स्वतःकडे घेत नाही, योग्य वाटलं तर बरोबर जाईन एवढंच म्हणतो.

तीमथ्यवाचक

साठ वर्षांच्या अटीबद्दल. 1 तीमथ्य 5:3-16 आणाच, पण तुकडे करून आणू नका. क्रम असा: 5:4 मध्ये मुलं-नातवंडं असतील तर त्यांनी आधी आपल्या घरच्यांचं ऋण फेडावं. 5:5 मध्ये जी खरोखर एकटी, तिची जबाबदारी मंडळीवर. 5:9-10 मध्ये यादी: साठाच्या आतली नको, एका नवऱ्याची बायको असलेली, मुलं वाढवलेली, पाहुणचार केलेला, संतांचे पाय धुतलेले. 5:16 मध्ये ज्या विश्वासी स्त्रीच्या घरी विधवा आहेत तिनं त्यांना साहाय्य करावं, म्हणजे मंडळीवर भार न पडता खरोखरच्या विधवांना मदत करता येईल.

इथे दोन चुका नेहमीच्या. एक, साठीच्या आतल्या विधवेला मदतच नाही असं समजणं. 5:9 ची 'यादी' ही प्रत्येक मदतीची यादी होती की सेवेसाठी वाहून घेतलेल्या विधवांची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. 5:12 मधला 'पहिला विश्वास मोडला' हा शब्दप्रयोग दुसऱ्या अर्थाकडे झुकतो असं मला वाटतं. काहीही असो, पदरात दोन मुलं असलेल्या पस्तीस वर्षांच्या बाईला या वचनावर परत पाठवणं म्हणजे याकोब 2:15-16 मध्ये उघड्यानागड्याला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणणाऱ्याच्या रांगेत उभं राहणं.

दुसरी चूक 5:8 ची. 'जो स्वकीयांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट' हे वचन अर्जदार विधवेला ऐकवलं जातं. ते तिला उद्देशून नाहीच. कमावत्या नातेवाइकांना आहे. समितीनं ते घेऊन मुलाकडे जावं, आईकडे नाही. आणि मुलाशी बोलणं होईपर्यंत आईचं वाटप थांबवू नये. दोन महिन्यांचं शिधापाणी द्यावं आणि त्या अवधीत बोलणं पूर्ण करावं. नाहीतर मुलाच्या चुकीचा उपास आईला घडतो.

वचनदीप

आभार. एज्रा आणि 2 राजे माझ्या यादीत नव्हतेच. एक शंका राहिली. 'देवाचं वचन सोडून पंक्तिसेवा करणं ठीक नाही' हे वाक्य ऐकलं की वाटपाचं काम हलकं, असा अर्थ लोक काढतात. तीन आठवड्यांत हे कुठे बसवू?

मूळभाषा

पहिल्याच आठवड्यात, नाहीतर पुढचं सगळं दुय्यम वाटेल. 6:1 ची रोजची 'वाटणी' आणि 6:4 ची वचनाची 'सेवा' यांना ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, दियाकोनिया. 6:2 मधलं 'पंक्तिसेवा करणं' हे त्याचंच क्रियापद. दोन्ही सेवाच आहेत, वाटून घेतलेल्या. मेजासाठीचा त्रापेझा हा शब्द मत्तय 21:12 मध्ये सराफांच्या चौरंगांना आणि लूक 19:23 मध्ये पेढीला वापरला आहे, म्हणजे तिथे जेवणच वाढायचं होतं की पैसेही वाटायचे होते हे उघडं राहतं. आणि नेमलेल्यांपैकी स्तेफन लगेच पुढे वचन सांगताना दिसतो, फिलिप्प आठव्या अध्यायात शोमरोनात. हलक्या कामाला नेमलेल्या माणसांवर कोणी हात ठेवून प्रार्थना करत नाही.

पंक्तिसेवक

वाटणी अशी करा. पहिला आठवडा 6:1-4, साठ मिनिटांतली पंधरा नुसत्या वाचनाला: दोनदा मोठ्यानं, एकदा मनात, आणि प्रत्येकानं 'कोण काय करतं' एवढी क्रियापदं लिहायची. 'कुरकुर केली', 'बोलावलं', 'निवडा', 'नेमू' हे शब्द लोकांनी स्वतः काढले की वाद निम्मा होतो. दुसरा आठवडा 6:5-7 आणि सोबत एज्रा 8:24-34. तिसरा 1 तीमथ्य 5:3-16 आणि 2 करिंथ 8:13-21, आणि शेवटची वीस मिनिटं तो चार रकान्यांचा कागद. कागद अभ्यासगटात भरू नका, तिथे नावं निघतील. रकाने फक्त आखून दाखवा आणि कोरा कागद वडिलांच्या (मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांच्या) सभेकडे पाठवा, उत्तर कधीपर्यंत हवं त्या तारखेसह.

चालू तक्रारीतली माणसं गटात बसलेली असतील तर उदाहरणं कृत्यांतलीच द्या, निधीचं नाव तिसऱ्या आठवड्याआधी काढू नका. आणि तक्रार एखाद्या वडिलाविरुद्ध, पैसे खाल्ल्याची असेल तर हा भाग सोडा. तिथे 1 तीमथ्य 5:19-21 लागू होतं: दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय आरोप घ्यायचा नाही, आणि शाबीत झाला तर पक्षपात न करता सर्वांसमोर दोष दाखवायचा. ते काम अभ्यासगटाचं नाही.